शरदाचा गंध आणि त्याचे मानकरी

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा माझ्यापुढे अत्तराची एक लहानशी बाटली होती. परदेशी नोकरीस असलेली माझी भाची गणपतीला आली होती, तिने ती माझ्यासाठी आणली. बाटलीबरोबर एक छापील कागद होता. तिने तो मला मराठीत सांगितला. हे अत्तर शरद ऋतूवरून सुचलेले असून त्याचा गंध लाकडाचा आहे, आणि गंभीर, स्थिर, आपला मार्ग आपण निवडणाऱ्या स्त्रीला ते शोभते, असा त्याचा आशय. हे सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "मावशी, तुला चालेल ना?"

तिच्या मनात काहीच नव्हते. तीव्र वासाने माझे डोके दुखते, एवढेच तिला ठाऊक. पण यजमान गेल्यानंतर 'तुला चालेल ना' हे शब्द मी इतक्या वेळा आणि इतक्या निराळ्या अर्थाने ऐकले आहेत, की त्या बाटलीवरून माझे मन फार मागे गेले. कोणता सुगंध कोणाला शोभतो, हा प्रश्न त्या परदेशी कारखानदाराने प्रथम काढलेला नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर नेहमीच न्यायाचे होते असे नाही. त्याचीच थोडी हकीकत आज सांगते.

आरंभी ऋतूचा घोळ मिटवू. थंड देशांत पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात. म्हणून तिकडच्या लोकांना शरद म्हटला की वाळलेला पाला, ओली साल, शेवाळ आणि देवदारासारखी लाकडे यांचा वास आठवतो. आपली पानगळ शिशिरातली. आपल्या मालगुंडात आश्विन-कार्तिक म्हणजे निवळलेल्या विहिरी, कापणीला आलेले भात, खळ्यावरचा नवा पेंढा, पहाटेचे दंव आणि दुपारचे ते भाजून काढणारे ऊन. तेव्हा ऋतू एकच असला तरी त्याची आठवण निराळी. गंमत अशी की, आपल्या पूर्वजांनीही या ऋतूला जो सुगंध नेमून दिला तो फुलाचा नसून लाकडाचाच आहे.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात ऋतुचर्येचा एक अध्याय आहे. पावसाने गारठलेल्या शरीराला शरदाचे ऊन एकाएकी लागते, त्यामुळे पित्त खवळते, असे तो सांगतो. त्यावर उपाय म्हणून खाण्यापिण्याचे नियम दिले आहेत, आणि त्याबरोबरच चंदन, वाळा व कापूर यांचा लेप लावून संध्याकाळी गच्चीवर चांदण्यात बसावे, असेही सांगितले आहे. चंदन हा लाकडाचा गाभा, वाळा हे गवताचे मूळ, आणि मूळचा कापूरही झाडाच्या लाकडातून निघणारा. पुढे हेमंतात, थंडी पडली की, तोच ग्रंथकार केशर, कस्तुरी आणि अगरूचा धूप यांकडे वळतो. म्हणजे ऋतू पाहून सुगंध बदलावा, ही कल्पना आपल्याकडे औषधाइतकीच व्यवहाराची होती. कोजागरीला आपण जे चांदण्यात बसतो, त्यातले दूध तेवढे राहिले, लेप मात्र मागे पडला.

सुगंध सिद्ध करण्याच्या विद्येला 'गंधयुक्ती' म्हणत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त तिच्यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार घेतली तर किती निरनिराळी मिश्रणे होतील, याचे त्याने गणित केले आणि उत्तर दिले १८२०. आजचे गणितही तेच उत्तर देते. मुलांना शाळेत हे गणित घालतात तेव्हा त्याचा उगम अत्तराच्या कुपीत आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या प्रदेशाच्या अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने तो ११३० च्या सुमारास रचला. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत. त्यांत राजाने स्नान कसे करावे, अंगाला कोणते लेप लावावे, धूप कसा घ्यावा, याची स्वतंत्र प्रकरणे आहेत. राजाच्या सुखाचाच तो ग्रंथ, त्यामुळे सुगंध कोणाला शोभतो याचे त्यातले उत्तर उघड आहे. पण त्याच ग्रंथात संगीताविषयी लिहिताना सोमेश्वराने एक गोष्ट सहज नोंदवून ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असे तो सांगतो. आपल्या ओवीचा हा फार जुना उल्लेख म्हणून अभ्यासक त्याला मोठे मोल देतात. मला मात्र तो वाचताना एवढेच दिसते की, एकाच ग्रंथात एका पानावर लेप लावून घेणारा राजा आहे आणि दुसऱ्या पानावर मुसळ हातात घेतलेली बाई आहे.

आता चंदनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढली सारी हकीकत त्याच्याभोवती फिरते. चंदनाचे झाड काहीसे परावलंबी असते. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्यातला रस घेतात. वास असतो तो आतल्या गाभ्यात आणि मुळांत, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नव्हे. गाभा भरायला वर्षानुवर्षे लागतात, आणि मुळांतही तेल असल्याने झाड तोडत नाहीत, मुळासकट खणून काढतात. या तेलाचा दुसरा गुण असा की, ते फार सावकाश उडते. गुलाब, मोगरा, केवडा यांचा वास नाजूक, क्षणात विरणारा. म्हणून कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून, झाकण मातीने लिंपून, खालून जाळ देतात आणि निघणारी वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरवतात. त्या भपक्यात परंपरेने चंदनाचे तेल असे. ते फुलाचा वास धरून ठेवी. चंदन महागल्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी आधाराला दुसरे स्वस्त द्रव वापरतात. पण शेकडो वर्षे गुलाबाच्या अत्तरातला गुलाब चंदनाच्या आधाराने टिकत आला, हे विसरता येत नाही. नाव गुलाबाचे, टिकाव चंदनाचा.

असे झाड राजांच्या नजरेतून कसे सुटेल? म्हैसूर राज्यात १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदन हा राजवृक्ष ठरवला. पुढे राज्ये बदलली, पण कायद्याचा कल तोच राहिला. कर्नाटकात २००१ साली कायदा बदलेपर्यंत खासगी जमिनीतल्या चंदनावरही सरकारचाच हक्क होता. ज्याच्या अंगणात झाड वाढे त्याने ते राखायचे, मालकी मात्र दुसऱ्याची. हे वाचून आपल्यापैकी पुष्कळजणींना ओळखीचे काहीतरी वाटेल.

राजवाड्यातून आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या घरांत शरदाचा सुगंध म्हणजे दिवाळीचे उटणे. चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, कचोरा, आंबेहळद, बावची, कोणी जटामांसी घाली, कोणी वाळवलेल्या गुलाबपाकळ्या. यांत पाकळ्या सोडल्या तर जवळजवळ सगळी मुळे, कंद आणि लाकडे. वाग्भटाने शरदाला सांगितलेले चंदन आणि वाळा दोन्ही त्यात आहेत. म्हणजे गच्चीवरच्या श्रीमंताचा लेप आपल्या बायकांनी कांडून, वस्त्रगाळ करून, नारळाच्या दुधात कालवून न्हाणीघरापर्यंत आणला आणि वर्षातून निदान एका पहाटे तो घरातल्या पोरासोरांच्या अंगाला लावला. गंधयुक्तीचा अध्याय न वाचताही त्यांना प्रमाण ठाऊक होते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी उटणे कांडायचे काम वडिलांच्या आत्याकडे असे. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. बालपणीच तिचा नवरा गेला होता आणि तेव्हापासून ती माहेरीच राहिली होती. अंगावर आलवण, डोकीवर पदर. रोज सकाळी देवाच्या पूजेचे गंध तीच उगाळी. सहाणेवर पाण्याचे चार थेंब, त्यावर खोडाची गोल गोल घसट, आणि हळूहळू तयार होणारे ते पिवळसर दाट गंध. ते देवाला लागे, मग घरातल्या पुरुषांच्या कपाळी लागे. ती मात्र सहाण धुऊन, हातही धुऊन टाकी.

नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नाने होत. तुळशीपुढे कारीट फोडले जाई, फराळाला बसायची घाई असे. आत्याआजीची आंघोळ सगळ्यांच्या आधी, अंधारात, नुसत्या पाण्याने झालेली असे. एका वर्षी, मी आठ-नऊ वर्षांची असेन, वाटीत उरलेले उटणे मी तिच्या मनगटाला फासले. तिने हात मागे घेतला नाही. क्षणभर मनगट नाकाशी नेले. मग माजघरात कोणी खाकरले, तशी ती उठून परसात गेली आणि हात धुऊन आली. मला रागावली नाही. पुढल्या वर्षी मात्र तिने उरलेले उटणे माझ्या हाती लागू दिले नाही.

ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, "चंदनासारखी झिजली बिचारी." आपल्या भाषेत बाईच्या वाट्याला येणारी ही फार मोठी स्तुती. कितीतरी मृत्युलेखांत मी ती वाचली आहे. पण भगिनींनो, एकदा सहाणेजवळ बसून तिचा विचार करा. खोड झिजते, गंध दुसऱ्याच्या कपाळी लागते. ज्या बाईला आपण चंदन म्हटले तिला चंदनाचा टिळा लावायची आपली तयारी नव्हती.

ही केवळ आमच्या घरची रीत नव्हती. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचे भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्यात विधवेचे आचार सांगणारी जुनी वचने दिलेली आहेत. अभ्यंग, सुगंध, तांबूल, फुले, सारे तिला वर्ज्य. केशवपनाची क्रूर चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली. शेतकरी आणि इतर कष्टकरी समाजांत पाट लावण्याची सोय होती, त्यामुळे तिकडची बाई थोडी मोकळी होती. परंतु हळदीकुंकवाच्या बैठकीत विधवेला न बोलावणे, अत्तर-गुलाबाच्या वेळी तिला वगळणे, ही रीत जातीपुरती राहिली नाही. सुगंध हा सौभाग्याचा मान ठरला आणि सौभाग्य म्हणजे नवऱ्याचे आयुष्य. ते जिच्या हाती नव्हते, तिलाच त्याचा दंड.

या रीतीला पहिले हादरे बसले तेही आपल्याच माणसांकडून. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवांपैकी एक होती आपल्या जिल्ह्यातल्या देवरुखची गोदूबाई जोशी. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात तिच्याशी विवाह केला. लग्नानंतर जोडपे मुरूडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीच गोदूबाई पुढे आनंदीबाई, सर्वांची बाया. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमवला. या दोघी बहिणींनी आपापली आत्मचरित्रे लिहिली, 'माझे पुराण' आणि 'माझी कहाणी'. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी ती अवश्य वाचावी.

आणि आपल्या मालगुंडला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, जुन्या रूढींवर तुटून पडणारी केशवसुतांची 'तुतारी' ही कविताही त्याच १८९३ सालातली. देवरुखची मुलगी, मुरूडचा प्राध्यापक आणि मालगुंडचा कवी! आपल्या तांबड्या मातीतली ही तीन माणसे एकाच वर्षी, आपापल्या जागी, एकच काम करीत होती.

सुगंधाचा कोंडमारा फुटला तो मात्र थोडा बाजाराच्या वाटेनेही. पूर्वी म्हैसूरचे चंदन परदेशी जाई आणि तेल तिकडे निघे. पहिल्या महायुद्धात तो व्यापार अडला, तेव्हा म्हैसूर सरकारने १९१६ मध्ये स्वतःच तेल गाळायला आरंभ केला, आणि १९१८ पासून चंदनाचा साबण बाजारात आला. १९१६ हे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचेही साल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे, तरी दोन्हींनी एकच केले. जे मूठभरांचे होते ते पुष्कळांच्या हाती दिले. मुंबईचा चाकरमानी बोटीने गावी येताना ट्रंकेत साबणाची वडी आणू लागला. वडी न्हाणीघरातल्या कोनाड्यात असे, आणि आत कोण किती वेळ हात धुते आहे हे कोणी पाहायला येत नसे. आमच्या आत्याआजीचे हात शेवटच्या वर्षांत चंदनाच्या साबणाचे वास देत. ते सर्वांच्या लक्षात आले होते आणि कोणी काही बोलले नाही. काही सुधारणा अशा न बोलताही होतात.

पश्चिमेकडेही लाकडाच्या वासाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तिकडे पुष्कळ काळ फुलांचे सुगंध स्त्रियांचे आणि लाकडाचे पुरुषांचे, असा समज होता. १९२६ साली पॅरिसच्या शनेल पेढीने चंदनप्रधान असे एक अत्तर मुद्दाम स्त्रियांसाठी काढले. ते रचणाऱ्या गृहस्थाचे नाव अर्नेस्ट बो. म्हणजे तिकडेही बाईला चंदन शोभते की नाही, हे कोणीतरी ठरवावे लागलेच. आमच्या भाचीच्या बाटलीवरचा कागद त्याच ओळीतला.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

माझे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. एका घरी चैत्रातले हळदीकुंकू होते. नवी नवरी म्हणून अत्तरदाणी माझ्या हाती दिली. मी ओळीने प्रत्येकीच्या मनगटाला अत्तर लावीत चालले. ओळीच्या टोकाला, दारापाशी, शेजारच्या एक बाई बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान वारले होते. यजमानीणबाईंच्या मदतीला म्हणून सकाळपासून त्या स्वयंपाकघरात राबत होत्या, आणि कैरीची डाळ वाटून नुकत्याच टेकल्या होत्या. जुन्या सवयीने त्यांनी हात थोडा पुढे केला. मी तो पाहिला. मागे कोण बसले आहे, कोण काय म्हणेल, हे सगळे एका क्षणात मनात आले आणि मी वळून परत फिरले. त्यांनी हात पदराखाली घेतला. मला कोणी तसे करायला सांगितले नव्हते. आत्याआजीच्या मनगटाला उटणे फासणारी मुलगी आणि ही सून, दोन्ही मीच.

त्या बाई आज नाहीत. मी त्यांची क्षमा मागितली नाही. पुढे कित्येक वर्षांनी माझ्यावर तीच वेळ आली. एका समारंभात गुलाबदाणी माझ्याजवळ येता येता दुसरीकडे वळली, आणि पदराखाली हात घेणे म्हणजे काय, ते मला कळले. दाणी धरणारी मुलगी वाईट नव्हती. मीही नव्हते. रीत अशीच चालते. ती चालवायला वाईट माणसे लागत नाहीत, घाबरलेली चांगली माणसे पुरतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या चाली गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ठराव झाला ही मोठी गोष्ट. पण अत्तरदाणी कोणासमोर थांबावी, हे परिपत्रक येऊन पाहणार नाही. ते दाणी धरणाऱ्या हातानेच ठरायचे आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. यंदा कोजागरीला आपण गच्चीवर जमू तेव्हा दुधाबरोबर थोडे चंदनाचे गंधही उगाळू. वाग्भटाने सांगितलेच आहे, तेव्हा शास्त्राचा आधार हवा असणाऱ्यांचीही सोय झाली! आणि ते लावायला ओळीच्या टोकापासून, दारापाशी बसलेल्या बाईपासून, सुरुवात करू. कुमारी, सवाष्ण, विधवा, नवऱ्याने टाकलेली, न लग्न केलेली, कोणी कोणाला विचारू नये. दिवाळीचे उटणे मंडळात कांडतो त्यातली पहिली पुडी कांडणारीने स्वतःच्या घरी न्यावी, असाही नियम करायला हरकत नसावी.

भाचीने आणलेली बाटली मी उघडली. वास चांगला आहे, वाळ्याच्या जवळचा. गंभीर, स्थिर आणि आपला मार्ग आपण निवडणारी बाई मी आहे की नाही, ते आमच्या मंडळातल्या जुन्या मैत्रिणींना विचारावे लागेल. पण "चालेल ना?" या तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, "चालेल." आणि तिच्यासमोरच दोन्ही मनगटांना लावले.